लाळ जास्त नसते, ती गिळली जात नाही

उन्हाळा तोंडावर आला की लाळ गळण्याबद्दलची पत्रं वाढतात, आणि जवळपास प्रत्येकात एकच समजूत असते: मुलाच्या तोंडात लाळ फार तयार होते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा बिघडणं) असलेल्या मुलांत सहसा तसं नसतं. लाळ इतरांइतकीच असते. पण ओठ मिटत नाहीत, मान पुढे झुकते, तोंड भरल्याचं कळत नाही, म्हणून ती वेळेवर गिळली जात नाही. आधी हे लक्षात घ्या, मग उत्तरं वाचा.

बाळ १४ महिन्यांचं आहे. दात येताहेत, दिवसभर लाळेरी भिजतात. काळजी करू का? (नंदनवन)

या वयात हे चालतं. पण बाळ अजून मान धरत नसेल किंवा बसत नसेल, तर लाळ थांबायची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

नातू ६ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. सुनेचे डोहाळे पुरवले नाहीत म्हणून लाळ गळते असं सगळे म्हणतात. जिभेला वेखंड लावू का? (महाल)

लावू नका. डोहाळ्यांचा लाळेशी काडीचाही संबंध नाही, आणि घरात हे पुन्हा कुणाला बोलू देऊ नका. त्या मुलीने विनाकारण बराच दोष सोसला असेल. ज्याला नीट गिळता येत नाही, त्याच्या तोंडात उगाळलेलं किंवा पूड केलेलं काही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. चार वर्षांनंतरही लाळ गळत असेल तर तपासणी हवीच: किडके दात, वाढलेले टॉन्सिल, बंद नाक, आम्लपित्त. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवा.

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी लाळेसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल दिली होती. फरक पडला, म्हणून त्याच चिठ्ठीवर दुकानातून आणतो. चालेल ना? (हिंगणा रोड)

नाही चालणार, आणि याचं उत्तर मी सविस्तर देणार आहे.

ही गोळी काय, ग्लायकोपायरोलेट काय, लाळ कमी करणारी ही औषधं घामही कमी करतात. घाम हा शरीर थंड ठेवण्याचा आपला मुख्य मार्ग. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) असतो, दुपारी वीज गेली की कूलर बंद. जे मूल स्वतः उठून पाणी घेऊ शकत नाही, गरम होतंय हे सांगू शकत नाही, त्याचा घामही आपण गोळीने बंद केलेला असतो. त्यात फिटसाठी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड सुरू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण त्यांनीही घाम कमी होतो.

दुपारी मुलाच्या काखेत आणि मानेमागे हात घालून बघा. खोली तापलेली असताना तिथली कातडी कोरडी, लाल आणि गरम लागली, मूल सुस्त झालं, तर पॅरासिटामॉल देत बसू नका, या तापाला ते लागू पडत नाही. अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि थेट दवाखान्यात न्या. लघवी कमी होणं, शौचाला खडा होणं, लाळ दाट तारेसारखी होणं याही सूचनाच. दोन वर्षांत मुलाचं वजन बदललं, इतर औषधं बदलली. जुना डोस आता बरोबर आहे हे दुकानदार कसा सांगेल? मात्र गोळी स्वतःहून एकदम बंदही करू नका, त्याने अंगाचे झटके-ताठरपणा वाढू शकतो. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मे उजाडायची वाट बघू नका.

ऑनलाइन तोंडात फिरवायचं थरथरणारं यंत्र मिळतं, ‘३० दिवसांत लाळ बंद’ म्हणतात. घ्यावं का? (मनीषनगर)

पैसे वाचवा. त्या पैशांत मुलाची खुर्ची नीट करून घ्या: पाय टेकलेले, कंबर सरळ, हनुवटी किंचित आत. मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडून गिळणं तपासून घ्या आणि ते सांगतील तोच व्यायाम करा. तोंड पुसताना घासू नका, मऊ सुती कापडाने टिपा, नाहीतर हनुवटी सोलवटते.

लाळग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन कायमचा इलाज आहे का? (जरीपटका)

नाही. परिणाम साधारण तीन ते सहा महिने टिकतो. ते सोनोग्राफीत बघून द्यावं लागतं, आणि काही मुलांचं गिळणं त्याने तात्पुरतं बिघडतं. म्हणून आधी गिळण्याची तपासणी झाली नसेल तर तारीख घेऊ नका.

बाहेर लाळ येत नाही, पण छाती सतत घरघरते, वर्षात अनेकदा न्यूमोनिया झाला. हा लाळेचा प्रश्न आहे का? (वाडी)

असू शकतो. लाळ मागच्या मागे घशातून फुप्फुसात उतरत असावी. वाहणाऱ्या लाळेपेक्षा हे गंभीर आहे. लगेच दाखवा.

मुलगी ९ वर्षांची. फिटचं औषध बदललं आणि लाळ दुप्पट झाली. (काटोल)

क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांनी असं होतं. औषध थांबवू नका, ज्यांनी लिहून दिलं त्यांना आजच फोन करा. पण काटोलकडच्या पालकांना आणखी एक सांगते: फवारणीच्या दिवसांत लाळ अचानक वाढली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, उलटी किंवा धाप लागली, तर ते कीटकनाशकाचं विष असू शकतं. अशा वेळी फोन नको. मुलाचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ बोलवा आणि कीटकनाशकाचा डबा सोबत घ्या.