वाबेन्झी : जमात कुठली?

एका वाचकाचा प्रश्न : "केनियातल्या कथांवरच्या एका लेखात 'वाबेन्झी लोक' असा उल्लेख वाचला. ही आदिवासी जमात नेमकी कुठली?"

कुठलीच नाही. स्वातंत्र्यानंतर मर्सिडीज-बेन्झमधून फिरू लागलेले मंत्री, अधिकारी, बडे व्यापारी म्हणजे वाबेन्झी. पण ते 'लोक' आधी खोडा! हल्ली हे सतत वाचावं लागतं आणि दर वेळी खटकतं. 'वा'मध्येच लोक आले. केनियात बोलल्या जाणाऱ्या स्वाहिली भाषेत एक माणूस तो 'म्टू', अनेक ते 'वाटू'. एक भारतीय 'म्हिंदी', अनेक 'वाहिंदी'. नैरोबीतला मराठी माणूसही त्यांतच मोजला जातो.

ही भाषा उपरा शब्द आपल्या व्याकरणात कसा मुरवते ते पाहा. अरबी 'किताब' तिथे 'किताबू' झाला. त्यातला 'कि' स्वाहिलीतल्या एकवचनी 'कि' उपसर्गासारखा दिसला, म्हणून अनेकवचन झालं 'विताबू'! रस्त्यावरच्या 'कीप लेफ्ट' पाटीवरून वाहतुकीच्या गोल चौकाला 'किपिलेफ्टी' म्हणू लागले, आणि असे अनेक चौक म्हणजे 'विपिलेफ्टी'. साहेबाचा हुकूम होता, त्याचं नाम झालं आणि ते स्वाहिलीच्या नियमाने चालू लागलं.

'वाबेन्झी'वर टीपा लिहिणारे 'बेन्झ म्हणजे गाडी' एवढं सांगून थांबतात. त्यांनी शब्दाचा अर्धा भाग वाचलेलाच नाही. माझ्या मते खरा डंख 'वा'त आहे. ब्रिटिश अमलात केनियातल्या आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' हा ओळखपरवाना धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावा लागे, आणि त्यावर त्याची जमात नोंदलेली असे. 1963 साली स्वातंत्र्य आलं, गोऱ्यांच्या खुर्च्यांवर वेगवेगळ्या जमातींतली माणसं बसली, आणि लोकांनी या नव्या मालकांना सरकारी पद्धतीनेच एक जमात बहाल केली. ज्या वर्गीकरणाने लोकांना इतकी वर्षं वेगळं पाडलं, त्याच वर्गीकरणातून निघालेली ही शिवी आहे. तिला नुसती गाडीवरची कोटी म्हणणं मला पटत नाही.

केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या 1975च्या कथासंग्रहात 'मर्सिडीज फ्युनरल' नावाची कथा आहे. एक गरीब माणूस मरतो, निवडणूक तोंडावर असते, आणि त्याच्या अंत्यविधीवरून उमेदवारांत चढाओढ लागते. त्यातला एक चक्क मर्सिडीजच्या आकाराची शवपेटी आणतो. जन्मभर गरीब राहिलेला माणूस शेवटी मर्सिडीजवाल्यांत जाऊन बसतो. तो एकटाच आहे, म्हणून त्याला 'वाबेन्झी' म्हणता येणार नाही. 'म्बेन्झी' म्हणा.