तारा आणि वायरी : शिट्टी नेमकी कुणाची?

गणपती उरकले की गिरगावातल्या माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेल्या गिटारच्या पेडलांइतकीच (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची खोकी) पत्रंही साचतात. मांडवात काय काय बिघडलं, ते तेव्हा ताजं आठवत असतं. यंदा निम्म्या पत्रांचा विषय एकच, पेडलना पॉवर द्यायची कशाने? म्हणून या अंकात दुसरं काही नाही.

*माझ्या बोर्डावर सहा पेडल आहेत, सगळी 9 व्होल्ट, 1 अँपच्या एकाच अ‍ॅडाप्टरवर डेझी चेनने (एकच वायर, तिला अनेक पिना) जोडलेली. ट्यूनर 30 मिलिअँप, कॉम्प्रेसर 10, ओव्हरड्राइव्ह 8, डिस्टॉर्शन 10, डिजिटल डिले 65 आणि रिव्हर्ब 300. डिस्टॉर्शन दाबलं की मागे बारीक शिट्टी येते. दुकानदार म्हणतो अ‍ॅडाप्टर कमी पडतोय, दहा आउटपुटचा आयसोलेटेड बॉक्स (प्रत्येक आउटपुट आतून वेगळं असलेला) घ्या. घेऊ का?* — एक वाचक, डोंबिवली

अजून खिशात हात घालू नका. पेडलच्या पाठीवरचे आकडे लिहून पाठवलेत, तिथेच अर्धं काम झालं. बेरीज करा, 423 मिलिअँप. तुमचा अ‍ॅडाप्टर 1000 देतो. म्हणजे कमी पडायचा प्रश्नच नाही.

मग शिट्टी कुठली? तुमच्या डिले आणि रिव्हर्बसारख्या डिजिटल पेडलच्या पोटात प्रोसेसर असतो. तो करंट शांतपणे ओढत नाही, हिसके देत ओढतो, आणि त्यातले काही हिसके आपल्या कानाला ऐकू येतील अशा पट्टीत पडतात. डेझी चेन म्हणजे चाळीतली सामाईक पाण्याची लाइन. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की खाली तुमची धार थरथरते. ती थरथर बारीकच असते, पण डिस्टॉर्शनचं कामच मुळी बारीक आवाज शंभरपट फुगवायचं. म्हणून शिट्टी डिस्टॉर्शनमध्ये ऐकू येते आणि शिव्याही त्यालाच बसतात.

आता खात्री करा. रिव्हर्ब पूर्ण काढा, पिनही आणि गिटारची केबलही. शिट्टी गेली? चोर सापडला. नाही गेली तर डिलेची पिन चेनमधून काढून त्यात 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला. आता गेली तर चोर डिले. बऱ्याचदा दोघंही थोडे थोडे सामील असतात.

उपाय स्वस्त आहे. ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन हे चौघे मिळून 58 मिलिअँप खातात, त्यांना राहू द्या चेनवर सुखाने. डिले आणि रिव्हर्बला एकेक वेगळा 9 व्होल्टचा अ‍ॅडाप्टर द्या, रिव्हर्बचा निदान 500 मिलिअँपचा. दिसायला गबाळं दिसेल, एक्स्टेंशन बोर्डावर दोन खाचा जास्त जातील, पण बॉक्सच्या किमतीचा बराच मोठा भाग वाचेल.

बॉक्स घ्यायचाच असेल तर मल्टिमीटर घेऊन जा. नसेल तर आधी लॅमिंग्टन रोडवर साधासा विकत घ्या, जन्मभर उपयोगी पडेल. बॉक्स बंद ठेवा, मेनचा प्लग काढलेला. त्याच्या दोन आउटपुटला त्याच्या दोन केबल लावा, दुसरी टोकं हवेत. मीटर बीपवर ठेवा आणि दोन्ही पिनांच्या मधल्या भोकातल्या धातूला एकेक टोक टेकवा. बीप वाजली तर दोन्ही आउटपुटची निगेटिव्ह आतून एकच आहे, म्हणजे खोक्यावर 'आयसोलेटेड' कितीही ठळक छापलेलं असो, आत डेझी चेनच आहे. फक्त डबा लोखंडी. ही चाचणी पेडल जोडून करू नका, कारण गिटारच्या केबलीच सगळ्या पेडलची निगेटिव्ह एकत्र बांधतात आणि चांगला बॉक्सही बीप देतो. आणि दहाही आउटपुट प्रत्येकी 100 मिलिअँपची असतील तर तो बॉक्स तुमच्या 300 च्या रिव्हर्बला काय कामाचा, हेही त्याच काउंटरवर उभं राहून विचारा.

जाता जाता एक. तुमची तक्रार शिट्टीची आहे, घुमणाऱ्या आवाजाची नाही. ज्यांचं बोर्ड घूं करतं त्यांनी जाड ई तारेवर तिसरा पडदा दाबून बघावा. तो ‘जी’ स्वर, 98 हर्ट्झचा. घूं जवळपास त्याच स्वराचा असेल तर तो 100 हर्ट्झ, म्हणजे अ‍ॅडाप्टरने एसीचं डीसी नीट गाळलेलं नाही. त्याहून एक सप्तक खाली असेल तर 50 हर्ट्झ, आपल्या भिंतीतल्या विजेचा थेट सूर. तिथे अर्थिंग किंवा गिटारचे पिकअप (तारांचा कंप पकडणारे भाग) तपासायचे, अ‍ॅडाप्टर बदलून पैसे घालवायचे नाहीत.

*पेडलला 20 मिलिअँप लागतात. घरात 2 अँपचा 9 व्होल्ट अ‍ॅडाप्टर आहे. जळेल का?* — एक विद्यार्थी, माटुंगा

नाही जळणार. अँप पेडल ओढतं, अ‍ॅडाप्टर ढकलत नाही. घरच्या 6 अँपच्या सॉकेटवर मोबाइल चार्ज करताना मोबाइल कुठे जळतो? व्होल्ट मात्र सांगितले तेवढेच द्यायचे. आणि पिनची दिशा बघा. बहुतेक पेडलना मध्ये निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह लागतं. घरात पडलेल्या इतर अ‍ॅडाप्टरचं बहुधा नेमकं उलटं असतं.

*जुना हिरवा लाइन सिक्स डीएल-फोर (डिले पेडल) सेकंडहँड घेतला, अ‍ॅडाप्टर मिळाला नाही. पेडलवर 9 व्होल्ट लिहिलंय. बोर्डावरचाच लावला तर चालेल ना?* — एक वाचक, ठाणे

नाही! 9 च्या पुढचं अक्षर वाचा. तो 9 व्होल्ट एसी मागतो, तुमच्या बोर्डावर डीसी आहे. त्याला एसीचाच अ‍ॅडाप्टर शोधा, आणि मिळाला की त्याच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा.

लाल टेप का, ते सांगतो. ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा लालबागच्या एका मांडवात, मध्यंतरात, अंधारात चाचपडत मी कीबोर्डवाल्याचा 12 व्होल्ट एसीचा अ‍ॅडाप्टर माझ्या डिलेत खुपसला. पिन हुबेहूब तशीच. आधी काहीच झालं नाही. मग भाजक्या पापडासारखा वास आला. पुढची लावणी मी कोरड्या गिटारवर वाजवली, आणि घरी येऊन पेडल उघडलं तर आतला एक कपॅसिटर फुगून टोपी उडवून बसला होता. ते पेडल परत बोललं नाही. तेव्हापासून माझ्याकडे एसी म्हणजे लाल.

*मुलगा घरी गिटार वाजवत गातो. माइकला ओठ लागला की चुरचुर होते म्हणतो. टेस्टर तारांना लावला तर मिणमिणता पेटतो. पेडलांची ती पेटी खराब आहे का? बिल्डिंग जुनी आहे.* — एक आई, परळ

ताई, तुमचं पत्र खरं तर सगळ्यात वर यायला हवं होतं. पेटी कदाचित ठीकच असेल. हलक्या वजनाच्या दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरमध्ये मेन आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडी वीज पलीकडे झिरपते. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला नीट अर्थिंग असेल तर ती तिथून जमिनीत उतरते, कुणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर ती गिटारच्या तारांवर बसून राहते आणि मुलाच्या ओठांतून माइककडे जाते. तेवढी चुरचूर सहसा जीवघेणी नसते. पण अर्थिंग नसताना उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच फेज बॉडीला टेकली, तर त्याच वाटेने पूर्ण 230 व्होल्ट येतील. टेस्टर दोन्ही वेळा पेटतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका.

अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनी प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलाय का, ते आजच बघा. असेल तर काढा. तिसरी पिन कुणी कापली असेल तर प्लग बदला. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट मीटरने मोजून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात 230 च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्ट दिसले पाहिजेत. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी स्वतः अनेकदा पाहिलंय. 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर, माइकचा मिक्सर आणि पेडलांची पेटी एकाच बोर्डावर लावा.

इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मुलाला गाऊ दे, नाहीतर वाजवू दे. दोन्ही एकदम नको.