वाचकांचे प्रश्न : रस्त्याकडेला सावलीसाठी कोणतं झाड?

प्रश्न : आमच्या गल्लीच्या एका बाजूला विजेच्या तारा आहेत, दुसरी बाजू मोकळी आहे. फुटपाथ पाच फुटांचा, जमीन काळी. लवकर वाढतो म्हणून सगळे गुलमोहर लावू म्हणतात. लावावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गुलमोहर नको. सावली हवी असते मार्च-एप्रिलमध्ये, आणि नेमका तेव्हाच तो निष्पर्ण असतो. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी; वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडून गाड्यांवर पडतात. सोलापुरात झाड निवडताना आधी त्याची पानगळ कधी होते ते पाहा.

मोकळ्या बाजूला कडुनिंब लावा. त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि ऊन तापेपर्यंत नवी पालवी भरते. त्याच्या जोडीला करंज चालेल, सावली जास्त दाट. मात्र त्याच्या फांद्या खाली झुकतात, त्या आठ फुटांपर्यंत छाटत राहाव्या लागतात. दोन झाडांत 25 फूट अंतर ठेवा. तारांखाली यांतलं काहीच नको, नाहीतर दरवर्षी शेंडा छाटून झाड विद्रूप होईल. तिथे आपटा लावा. तो बुटका राहतो, पाण्याचा ताण सोसतो. सावली विरळच मिळेल, आणि दसऱ्याला कोवळ्या फांद्या ओरबाडल्या जाणार नाहीत एवढं सांभाळा.

झाडं मरतात ती बहुधा खड्ड्यामुळे. महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारून, पाइप-केबल कुठून गेल्यात ते पाहून मे महिन्यात 3 × 3 × 3 फुटांचा खड्डा घ्या. त्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही ते साचलेलं दिसलं तर तळाचा मुरूम पहारीने फोडा. नाहीतर सप्टेंबरच्या पावसात खड्ड्याचं डबकं होऊन मुळं कुजतील. भरताना दोन भाग काळी माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी किलोभर निंबोळी पेंड घाला. कच्चं शेणखत घातलंत तर वाळवीला आमंत्रणच.

रोप सहा-सात फुटी, अंगठ्याएवढ्या जाड खोडाचं घ्या. पिशवीत मुळांचा भोवरा झाला असेल तर बाहेरची मुळं कापून मोकळी करा. भोवरा तसाच राहिला तर झाड काही वर्षांनी वादळात मुळासकट उलटतं. बांबूला सुती पट्टीने सैल बांधा. तार खोडात रुतते.

रोज तांब्याभर पाणी घालू नका, मुळं वर येऊन फरशी उचलतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चाळीस लिटर द्या. खड्डा भरतानाच भोकं पाडलेला दोन फुटी पाइप उभा पुरून ठेवा, पाणी थेट खाली जातं. बुंध्याभोवती तीन फूट माती उघडीच राहू द्या, पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत भिडवू देऊ नका.