वाचकांचे प्रश्न : वार्षिक सभेतलं सादरीकरण

प्रश्न : आमच्या महिला पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरमध्ये मंगल कार्यालयात आहे. सचिव म्हणून अहवाल मी मांडणार आहे. वेळ १५ मिनिटं, सभासद दोनशेच्या आसपास. पूर्ण ताळेबंद घेऊन २६ स्लाइड तयार केल्या आहेत. गेल्या वर्षी मात्र निम्म्या बायका आपापसांत बोलत होत्या. काय चुकतंय? (सातारा जिल्हा)

उत्तर : ताळेबंद पडद्यावर घेतलात, तिथेच गोम आहे. छापील अहवाल सभासदांच्या हातात असतोच. तोच पडद्यावर आला की बायका एक तर वाचतात, नाहीतर ऐकतात. दोन्ही एकदम जमत नाही, मग शेजारणीशी बोलणं सुरू होतं.

लॅपटॉप मिटा आणि कागद घ्या. सभा संपवून घरी गेलेल्या बाईला नवऱ्याने विचारलं, "काय झालं सभेत?" तर तिला काय सांगता यायला हवं, ते तीन वाक्यांत लिहा. पतसंस्थेत ही वाक्यं बहुधा ठरलेली असतात : ठेव सुरक्षित आहे का, थकबाकी किती आणि वसुलीसाठी काय केलं, लाभांश किती टक्के. त्यात आज कोणत्या ठरावावर हात वर करायचा आहे, ते जोडा. या चार गोष्टींत न बसणारी स्लाइड काढून टाका. सातआठ उरतील, तेवढ्या पुरेत.

थकबाकी वाढली असेल तर ती आधी सांगा. शेवटी ठेवलीत तर सभासद ती प्रश्नांतून ओढून काढतात, आणि मग लपवल्यासारखं दिसतं. आकडाही कानाला झेपेल असा हवा. समजा, येणं कर्ज ४ कोटी ६२ लाख आणि थकबाकी १८,४९,६२५ रुपये आहे. स्लाइडवर एकच ओळ ठेवा : "थकबाकी साडेअठरा लाख." तोंडाने सांगा, "आपण दिलेल्या दर शंभर रुपयांतले चार रुपये वेळेवर परत आलेले नाहीत." शेजारी गेल्या वर्षीचा आणि यंदाचा असे दोनच स्तंभ. शेवटच्या रुपयापर्यंतचा आकडा अहवालात आहे. "पान अमुक पाहा" म्हणा.

१५ मिनिटांपैकी ११ बोलण्याची, ४ प्रश्नांची धरा. सभेत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे हजार-अकराशे शब्दांचा मजकूर. अंदाजावर राहू नका. उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर रेकॉर्ड करत तीनदा म्हणा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं, कारण त्यात श्वास आणि थांबे धरलेले नसतात. जिथे जीभ अडखळते ते वाक्य पुस्तकी आहे असं समजा. "वसुलीबाबत कार्यवाही करण्यात आलेली आहे" ऐवजी "आम्ही तीस जणींच्या घरी जाऊन आलो" म्हणा, अर्थात खरंच गेला असाल तर.

प्रश्न : घरी व्यवस्थित दिसणारी मराठी स्लाइड कार्यालयातल्या संगणकावर विस्कटते. कधी चौकोन दिसतात, कधी भलतीच इंग्रजी अक्षरं. मागच्या रांगेतूनही वाचता येत नाही अशी तक्रार आहे. (नाशिक)

उत्तर : इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर मजकूर कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मूळ अक्षर उघडं पडतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, करून घ्या. युनिकोडमध्येही फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळ चौकटीबाहेर जाते. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच साठवायचा पर्याय निवडा. सगळेच फॉन्ट हे करू देत नाहीत, म्हणून त्याच पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवा. तिच्यात हालचाली चालत नाहीत, पण अक्षर जागचं हलत नाही.

आता वाचनीयता. मजकूर ३२ पॉइंट, शीर्षक ४०. ओळींतलं अंतर १.२ ते १.३ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. जाड फॉन्ट फक्त शीर्षकाला. मजकुरात ष्ट, द्ध यांची पोटं भरून काळे ठिपके होतात. काळ्या पार्श्वभूमीचा मोह टाळा. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही. खिडक्या उघड्या असलेल्या हॉलमध्ये तो काळा राखाडी होतो आणि अक्षरं त्यात बुडतात. पांढऱ्यावर काळं लिहा.

घरच्या घरी तपासायचं असेल तर हिशेब सोपा आहे. पडदा ६ फूट रुंद आणि शेवटची रांग ३० फुटांवर, म्हणजे रुंदीच्या पाचपट. लॅपटॉपचा पडदा साधारण १ फूट रुंद. त्यापासून ५ फुटांवर उभं राहून वाचा. डोळे बारीक करावे लागले तर मजकूर कमी करा.

सभेच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. प्रोजेक्टरची वायर एचडीएमआय की व्हीजीए हे आदल्या दिवशी विचारा. पडद्यावर काही उमटलं नाही तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून "डुप्लिकेट" निवडा. चर्चा सुरू झाली की बी दाबा, पडदा काळा होतो आणि नजरा तुमच्याकडे येतात. पुन्हा दाबलं की स्लाइड परत. तिसऱ्या क्रमांकाची स्लाइड पुन्हा हवी असेल तर ३ आणि एंटर.

प्रश्न : माइक हातात आला की हात थरथरतो, आवाज चढतो. (सोलापूर)

उत्तर : पहिली दोन वाक्यं तोंडपाठ करा, बाकीची नकोत. थरथर बहुधा पहिल्या मिनिटात असते आणि तेवढं ओलांडायला ती पुरतात. मुद्दे पातळ कागदावर लिहू नका, तो हलतो आणि ते सगळ्यांना दिसतं. जाड पुठ्ठ्याची पोस्टकार्डाएवढी कार्डं करा, क्रमांक घालून. माइक हनुवटीशी, तोंडापासून चार बोटं. स्पीकरच्या समोर उभं राहू नका. त्याचा आवाज माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. कुणी विचारलेला प्रश्न आधी माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणा. तेवढ्यात उत्तर जुळवायला वेळही मिळतो. आकडा हाताशी नसेल तर "ताई, शुक्रवारपर्यंत कार्यालयाच्या फलकावर लावते" असं सांगा आणि तिथेच कार्डावर लिहून घ्या.