फॉर्म मुलालाच भरू द्या

प्रश्न: माझा मुलगा ८ वर्षांचा आहे, त्याला रक्ताचा कॅन्सर म्हणजे एएलएल झाला होता, आता मेंटेनन्स म्हणजे उपचाराचा शेवटचा लांब टप्पा चालू आहे, गोळ्या घरी देतो आणि तपासणीला मुंबईला जातो. मागच्या वेळी तिथल्या एका मॅडमनी त्याला फॉर्म दिला, पळता येतं का, झोप लागते का, मुलं चिडवतात का असलं काय काय. मी सांगायला लागले तर म्हणाल्या त्यालाच सांगू द्या, तुमचा फॉर्म वेगळा आहे. एवढ्याशा पोराला काय कळतं? आणि याचा औषधाशी काय संबंध? सासूबाई तर म्हणतात शाळेचं नावच काढू नका.
– एक आई, लातूर जिल्हा

उत्तर: ताई, मॅडमचं बरोबर आहे. तुम्ही सांगताय त्यावरून तो पेड्सक्यूएल नावाचा फॉर्म असावा, जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केलेला, त्यात २३ प्रश्न असतात, शरीर, मन, मित्र आणि शाळा असे चार भाग, आणि सगळं मागच्या महिनाभराबद्दल. ५ वर्षांचं मूलसुद्धा हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवून उत्तर देतं, तुमचा तर ८ चा आहे!

दोन फॉर्म का, तर आई आणि मूल वेगळं सांगतात म्हणून. चालता येतं का, जिना चढता येतो का यात दोघांचं बऱ्यापैकी जुळतं, पण भीती वाटते का, एकटं वाटतं का इथे फरक पडतो, आणि आजारी मुलांचे आईवडील बऱ्याचदा मुलापेक्षा वाईटच सांगतात. साहजिक आहे, तुम्ही रात्ररात्र जागलेल्या असता, तो मात्र काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) वाढले की बॅट घेऊन बाहेर. उलटंही होतं हं, आई रडेल म्हणून मुलं दुखणं लपवतात.

आता औषधाशी संबंध. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूडमध्ये डॉ. डोनाल्ड पिंकेल यांच्या टीमने केमोसोबत डोक्याला रेडिएशन द्यायला सुरुवात केली आणि एएलएलची मुलं बरी व्हायला लागली, मोठीच गोष्ट होती ती. पण ती मोठी झाल्यावर दिसलं की काहींना गणित जमत नाही, लक्ष लागत नाही, उंची कमी राहिली. मग एवढं रेडिएशन सगळ्यांना लागतंच का असा प्रश्न आला, आणि २००९ मध्ये त्याच हॉस्पिटलने दाखवलं की नीट केमो आणि पाठीतली सुई (मणक्यातून दिलेलं केमोचं औषध) दिली तर रेडिएशन टाळूनही मुलं बरी होतात. मूल जगलं एवढ्यावर समाधान मानलं असतं तर हे झालंच नसतं. आजही स्टिरॉइडच्या दिवसांत मूल चिडतं, सारखं खायला मागतं, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने पाय दुखतात, पोट साफ होत नाही, हे त्याने सांगितलं तरच डॉक्टरांना कळणार.

शाळेचं म्हणाल तर सासूबाईंची काळजी खरी आहे पण मेंटेनन्समध्ये बरीच मुलं शाळेत जातात, काउंट बघून डॉक्टरांना विचारा आणि पाठवा. बाईंना दोन गोष्टी सांगून ठेवा, वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर लगेच फोन करायचा, आणि याला ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटलला कळवायचं. आणि हा आजार डब्यातून, पेन्सिलीतून पसरत नाही, हे इतर पालकांनाही सांगायला लावा, काही लोक अजून मुलाला लांब बसवतात, चीड येते.

प्रश्न: मुलीचे उपचार संपून ६ वर्षं झाली, ठणठणीत आहे. तरी दर वर्षी का बोलावतात?
– एक बाबा, सांगली

उत्तर: कॅन्सर परत आलाय का एवढंच बघायला नाही. डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही लाल औषधं (मुलं त्यांना सरबत म्हणतात!) मिळाली असतील तर हृदयावरचा परिणाम खूप वर्षांनीही दिसू शकतो, म्हणून मधूनमधून इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून यासाठीच एसीटी (आफ्टर कंप्लीशन ऑफ ट्रीटमेंट, म्हणजे उपचार संपल्यानंतरचं) क्लिनिक आहे, आणि बऱ्या झालेल्या मुलांचा 'उगम' हा गट २००९ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीसोबत काम करतो, तिथे मुलीला तिच्यासारखेच भेटतील. कुठलं औषध एकूण किती दिलं, रेडिएशन दिलं का, हे लिहिलेला ट्रीटमेंट समरीचा कागद मात्र मागून घ्या, स्कॅन करून ठेवा, लग्नानंतर दुसऱ्या गावी गेली तरी तिथल्या डॉक्टरला लागेल.