आठ घरांनी मिळून रोपं आणायची तर

सोसायटीतली सात-आठ घरं मिळून जूनमध्ये रोपं आणायला निघताय, कुठे जावं आणि काय बघून घ्यावं, असा तुमचा प्रश्न. कुठे, याचं उत्तर सोपं आहे: पुण्याहून सोलापूर रोड. लोणी काळभोर मागे टाकलं की उरुळी कांचनच्या अलीकडे सोरतापवाडीला नर्सऱ्याच नर्सऱ्या. रविवार टाळता आला तर बघा, नाहीतर सकाळी सातला गेटबाहेर पडा. हडपसरला अडकलात की निम्मा उत्साह तिथेच संपतो. थेऊर फाटा वाटेतच लागतो, त्यामुळे चिंतामणीच्या दर्शनाचा विषय निघणारच. दर्शन जाताना उरका. येताना गेलात तर रोपं टेम्पोत उन्हात उभी राहतील.

खरं काम आदल्या संध्याकाळी, प्रत्येकाच्या बाल्कनीत. गटाने गेलं की एकीने मोगरा उचलला म्हणून सगळ्यांच्या हातात मोगरा येतो. दक्षिणेच्या बाल्कनीत फुलणारा तोच मोगरा समोरच्या उत्तरेच्या बाल्कनीत नुसती पानं काढत बसतो. त्यात जूनची खरेदी फार फसवते. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या बाल्कनीतही ऊन येतं. "आमच्याकडे छान ऊन असतं" म्हणणाऱ्या काकू खोटं बोलत नाहीत, त्यांना तेव्हा ते दिसतच असतं. सप्टेंबर सरेपर्यंत ते निघून जातं. दक्षिणवाल्यांचं नेमकं उलटं: जूनमध्ये बाल्कनी सावलीत, आणि थंडीत दिवसभर ऊन. तेव्हा दिशा विचारा आणि यादी घरातूनच करून निघा. उत्तरेला स्नेक प्लांट, पीस लिली, मनी प्लांट, फर्न. गुलाब, मोगरा, जास्वंद दक्षिणेला. पश्चिमेच्या बाल्कनीत अडेनियम आणि बोगनवेल मजेत राहतात.

नर्सरीत फुलांकडे बघून भुलू नका. पिशवी उचला आणि बुडाकडे बघा. भोकांतून दोन-चार पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. जाड मूळ पिशवी फोडून जमिनीत शिरलेलं असेल तर रोप उचलताना ते तुटतं आणि घरी आल्यावर पानं माना टाकतात. जास्वंदीचं पान उलटं करून बघा, शेंड्याची बेचकीही बघा. तिथे कापसासारखं पांढरं दिसलं आणि खोडावर मुंग्यांची ये-जा असली तर तो पिठ्या ढेकूण. एका टेम्पोतून तो आठही घरांत पोचेल, त्यामुळे सगळ्यांच्या जास्वंदी एकाच माणसाने तपासाव्यात. आमच्याकडे हे काम सगळ्यात खवचट काकांकडे असतं. गुलाबाला डोळा भरलेला जोड शोधा, म्हणजे खालच्या जंगली खोडावर (खुंटावर) हव्या गुलाबाचा डोळा बसवलेली जागा. त्याच्या खालून जोमात फूट आली असेल तर ती खुंटाची. तुम्ही रंग बघून घेतलेला गुलाब तिला येत नाही. लिंबू कुंडीत लावणार असाल तर गुटी कलम (मोठ्या झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) मागा, बियांच्या रोपाला फळ धरायला वर्षं जातात. आंध्रातल्या कडियमहूनही भरपूर रोपं इकडे येतात. त्यांचं मूळ बहुधा लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. लावताना गोळा भिजवून कडेची माती हलकेच मोकळी करा, नाहीतर कुंडी ओली आणि गोळा आतून कोरडा, असं होतं.

भावाचं काम एकट्याकडे द्या. आठ जण आठ ठिकाणी घासाघीस करतात तेव्हा कोणालाच ठोकचा भाव मिळत नाही. एकाच जातीची दहा-बारा रोपं एकदम मागितली की नर्सरीवाला स्वतःच खाली येतो. माती, शेणखत, कोकोपीटही तिथेच एकत्र घ्या.

छोटा हत्ती ठरवलात तर वरून जुन्या चादरी किंवा शेडनेट बांधा. धावत्या गाडीचा वारा कोवळी पानं सुकवतो. प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून मार्करने फ्लॅट नंबर लिहा, आणि तेही नर्सरीतच. पार्किंगमध्ये उतरवल्यावर "हा माझा, तो तुमचा" सुरू झालं की तासभर मोडतो. घरी आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा, लगेच कुंडी बदलू नका.

कढीपत्त्याचं रोप मात्र एका विंगेत एकच घ्या. तसंही सगळी विंग एकाच घरातून नेते.