वर्षानुवर्षं टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल: जुन्या गाड्यांवरचे वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी २०१८ पासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच आहे. ओळखीचे एक फिटर म्हणतात, वरून पाच लिटर ताजं पेट्रोल ओता, नवी बॅटरी जोडा, गाडी चालू होईल. तसं करावं का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : करू नका. गाडी कदाचित चालू होईलही, आणि खरा धोका तिथेच आहे. पेट्रोलचा हलका भाग टाकीच्या हवेच्या वाटेने उडून जातो. उरलेल्या जड भागाचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट राप तयार होतो. असं पेट्रोल जाळलं की तो राप इनलेट व्हॉल्व्हच्या दांडीवर बसतो. इंजिन गरम असेपर्यंत काही जाणवत नाही. रात्री ते थंड झालं की व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे दांडी सरकते त्या नळीत, घट्ट धरला जातो, आणि सकाळी स्टार्टर मारताच पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी सळई, वाकतो. टाकी साफ करण्याचं काम वाचवायला जावं आणि इंजिनचं हेड उतरवायची पाळी यावी, असा हा प्रकार आहे. पाच लिटर ताज्या पेट्रोलने जुना राप पातळ होतो, नाहीसा होत नाही. जुनं पेट्रोल पुन्हा ताजं करणारं कोणतंही औषध बाजारात मिळत नाही.

तुमच्याकडच्या पावसाचाही विचार करावा लागेल. दिवसा शेड तापतं, रात्री गार होतं, आणि प्रत्येक वेळी टाकी थोडी दमट हवा आत ओढते. तिचं पाणी होऊन तळाशी बसतं. टाकीला गंज आतून, तळापासून लागतो तो यामुळे.

आधी खात्री करून घ्या. टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा, शेजारी दुसऱ्या बरणीत पंपावरचं ताजं ठेवा. ताजं नारिंगी आणि आरपार दिसतं. जुनं तपकिरी दिसलं, वार्निशसारखा उग्र वास आला, किंवा तासाभराने तळाशी वेगळा थर अथवा लाल गाळ बसला, तर सगळंच काढायचं.

काढताना गाडी उघड्यावर आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचून राहते, म्हणून हे काम खड्ड्यावर कधीच करू नका. बॅटरी काढून बाजूला ठेवा. विडी, मोबाइल, वायरला लोंबणारा बल्ब यांतलं काही जवळ नको. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा. टाकीला तळाशी ड्रेन प्लग असेल तर तो उघडा, नाहीतर हातपंपाने धातूच्या डब्यात उपसा. नळी तोंडाने ओढू नका. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेलं जास्त घातक असतं.

रिकाम्या टाकीत टॉर्चने बघा. नुसता राप असेल तर दोन लिटर ताजं पेट्रोल घालून हलवून काढलं तरी चालतं. गंजाचे पापुद्रे दिसले तर टाकी उतरवा आणि पेट्रोल-गेजचं युनिट काढून ठेवा. गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाच्या पावडरीने टाकी दोन-तीनदा धुवा. मग लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि १२ ते २४ तास ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते गंजाबरोबर पत्राही खातं. द्रावण ओतल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने एकदा धुऊन टाकी लगेच गरम हवेने सुकवा. धुतलेला उघडा पत्रा ओला राहिला तर काही तासांतच पुन्हा लालसर होतो. टाकी त्याच दिवशी बसवणार नसाल तर आत थोडं इंजिन ऑइल फिरवून ठेवा आणि बसवण्याआधी ते पेट्रोलने धुऊन काढा. टाकीला भोक पडलं असेल तर घरी डाग देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर पेटते. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला टाकी आधी वाफेने धुऊन मगच डाग देणारे कारागीर शोधा.

रबरी नळ्या सगळ्या बदला. आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल. त्याने जुनं रबर फुगतं आणि भेगाळतं. नळी घेताना तिच्यावर ‘३० आर ९’ हा छाप आहे का ते बघा. धातूच्या पाइपात टाकीच्या दिशेने हवा मारा, पण पंपाकडचं टोक सोडवल्याशिवाय नाही.

इंजिनवरच्या पेट्रोलपंपाची जाळी साफ करा आणि डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) नवा घाला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनच्या तळाशी ऑइल असतं त्या भागात उतरलंय असं समजा. ऑइल आणि फिल्टर तर बदलायचेच.

शेवटी सिलिंडर. स्पार्क प्लग काढून प्रत्येकात दहा मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी प्लग न लावता इंजिन हँडलने हळूहळू फिरवा. हँडल अडलं तर जोर करू नका. टाकीत पाच लिटर ताजं पेट्रोल घाला आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा. पंपाला हाताने मारायची दांडी असेल तर तिने कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) भरा. दांडी ढिली लागली तर पंप कॅमवर, म्हणजे त्याला चालवणाऱ्या इंजिनमधल्या उंचवट्यावर, दाबलेला असतो, अशा वेळी इंजिन हँडलने एक फेरा फिरवा. पहिला फिल्टर १०० किलोमीटरच्या आत काढून बघा. इथेनॉल जुना राप सोडवतं, म्हणून तो लवकर भरतो.

प्रश्न : ॲम्बेसेडरचा कार्बोरेटर उघडून साफ केला. तरी चोक ओढला तरच इंजिन चालतं, चोक आत ढकलला की बंद पडतं. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : स्लो जेट, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची खुंटी, तुंबलेला असणार. कार्बोरेटरमधलं सर्वांत बारीक भोक त्याचंच, आणि राप आधी तिथेच धरतो. जेट काढून उजेडासमोर धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला पिवळट झाक दिसली तर जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवा मारा. तार घालू नका. जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागातलं माप, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेच्या एका ओरखड्याने ते माप बिघडतं. क्लीनर मारण्याआधी रबर आणि डायफ्राम काढून ठेवा.

जेट साफ असूनही तसंच होत असेल तर कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट हवा ओढतंय का ते तपासा.

कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ पितळी फ्लोटही कानाशी धरून हलवा. आत खळखळ वाजलं तर त्यात पेट्रोल शिरलंय. ज्योतीपासून दूर, गरम पाण्यात बुडवा म्हणजे बुडबुडे जिथून येतात तिथे चीर सापडते.

सगळं ठीक झाल्यावरही इंजिन धक्के देत असेल आणि प्लग पांढरे पडत असतील तर ते ई-२० मुळे असू शकतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मेन (मुख्य) जेट एक माप मोठा घालून प्लगचा रंग पुन्हा बघा.

प्रश्न : गाडीतून काढलेलं जुनं पेट्रोल स्कूटरला चालेल का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : बीएस-६ स्कूटरला अजिबात नको. इंजेक्टरच्या दुरुस्तीचा खर्च त्या पेट्रोलच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. चुलीत तर ओतूच नका, भडका उडेल. गटारात, उसाच्या बांधावरही नको, विहिरीच्या पाण्यापर्यंत ते पोचतं. झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या डब्यात भरून वर ‘खराब पेट्रोल’ लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. जळक्या ऑइलच्या पिंपात मिसळू नका, त्याने ते पिंपही लवकर पेट घेणारं होतं. घरात फार साठवूही नका, ३० लिटरच्या वर पेट्रोल ठेवायला कायद्याने परवाना लागतो.

प्रश्न : जून ते सप्टेंबर गाडी काढत नाही. टाकी भरून ठेवावी की रिकामी? (चिकोडी)

उत्तर : चार महिन्यांसाठी भरून ठेवा. टाकीत हवा कमी तर पाणी कमी. पेट्रोल ताजं हवं, स्टॅबिलायझर (ताजं पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव) त्याच दिवशी बाटलीवरच्या मापाने घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. पावसाळ्यात मधूनच दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं टाळा. तेवढ्यात इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं.

वर्षभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून सुकवणं चांगलं, आणि फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं, पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.